ताट एक, खाती अनेक: अन्नसुरक्षा आणि सरकारी विभागांचा समन्वय, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेत बोलणारे, बचत गटातल्या ताई, अंगणवाडी सेविका, पत्रकार आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या अनुभवावर आधारलेली आहेत. कायदा देशाचा असला तरी तो राबवताना काय होतं, हे जिल्ह्यातच कळतं.

अन्नसुरक्षा म्हणजे रेशनच ना? मग इतर खात्यांचा संबंध कुठे येतो?

रेशन हा अन्नसुरक्षेचा पाया आहे, पण सगळी इमारत नाही. घरात महिन्याला माणशी पाच किलो धान्य आलं म्हणून दीड वर्षाच्या मुलाचं वजन वाढेलच असं नाही. त्याला डाळ, भाजी, अंडं, दूध हवं. आई शेतावर किंवा वीटभट्टीवर गेली असेल तर दिवसातून चार-पाच वेळा भरवणारं कोणीतरी हवं. पाणी दूषित असेल तर जुलाबात खाल्लेलं सगळं वाहून जातं. बापाची मजुरी दोन महिने अडकली की पहिली काटछाट डाळ-तेलावर होते.

एवढ्या चार वाक्यांतच अन्न व नागरी पुरवठा, महिला व बालविकास, पाणीपुरवठा व स्वच्छता, सार्वजनिक आरोग्य आणि रोजगार हमी ही खाती येऊन गेली. मूल मात्र एकच आहे. प्रत्येक खात्याचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण होऊनही ते मूल कुपोषित राहू शकतं, कारण त्या मुलाच्या ताटाचा हिशोब कोणत्याच खात्याकडे नसतो. समन्वयाचा प्रश्न इथून सुरू होतो.

कोणतं खातं नेमकं काय करतं?

धान्याच्या मागे जाऊन पाहू. गहू आणि तांदळाची किमान आधारभूत किंमत कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक समिती ठरवते. खरेदी आणि साठवण भारतीय अन्न महामंडळ आणि राज्यांच्या यंत्रणा करतात. महाराष्ट्रात धान आणि भरडधान्याची खरेदी मार्केटिंग फेडरेशन करतं, तर आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. राज्याला मिळणारं नियतन, म्हणजे धान्याचा वाटा, केंद्राचं अन्न मंत्रालय ठरवतं. तिथून शासकीय गोदाम, मग द्वारपोच वाहतूक, मग रास्त भाव दुकान आणि पॉस मशीनवर अंगठा. हा सगळा प्रवास जिल्ह्यात जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याच्या, म्हणजे महसूल यंत्रणेच्या, हातात असतो.

शाळेतली खिचडी शालेय शिक्षण विभागाची. तिचा तांदूळ मात्र अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. अंगणवाडीतला गरम ताजा आहार आणि घरपोच आहार महिला व बालविकास विभागाचा. अतितीव्र कुपोषित मूल सापडलं की ते आरोग्य खात्याकडे जातं: गावात ग्राम बालविकास केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बाल उपचार केंद्र, जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र. आदिवासी पट्ट्यात वरून आदिवासी विकास विभागाच्या योजना असतात. आणि कोणताही नवा खर्च असेल तर फाइल वित्त विभागाकडे सहमतीसाठी जाते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात समन्वयाबद्दल काही म्हटलं आहे का?

हो, आणि ते फार कमी लोक वाचतात.

२०१३ चा हा कायदा ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सवलतीच्या धान्याचा हक्क देतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, सर्वांत गरीब गणलेल्या अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. मूळ दर तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पण त्याच कायद्यात गरोदर व स्तनदा मातांना आहार आणि किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ, सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून आहार आणि शाळेत दुपारचं जेवण हेही हक्क आहेत. म्हणजे एका कायद्याची जबाबदारी किमान तीन मंत्रालयांवर आहे.

कायद्याची तिसरी अनुसूची त्याहून पुढे जाते. अन्नसुरक्षा पुढे नेण्यासाठी शेतीची उभारणी, साठवण आणि वाहतूक, शुद्ध पाणी व स्वच्छता, आरोग्यसेवा, किशोरवयीन मुलींसाठी पोषण आणि शिक्षण, वृद्ध, अपंग व एकल स्त्रियांना पेन्शन अशी यादी तिथे आहे. कायदा करणाऱ्यांना चित्र पूर्ण दिसत होतं. फक्त धान्याचा हक्क किलोमध्ये लिहिला गेला आणि अनुसूचीतल्या गोष्टी टप्प्याटप्प्याने साध्य करायचं उद्दिष्ट म्हणून राहिल्या. रेशन दुकानात दोन किलो कमी मिळालं तर तक्रार करता येते. पाड्यावरची विहीर उन्हाळ्यात आटली तर अन्नसुरक्षा कायद्याखाली दाद मागता येत नाही.

मातृत्व लाभाचं उदाहरण बोलकं आहे. कायदा किमान ६,००० म्हणतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये ठरले आणि उरलेली रक्कम दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेतून मिळते असं गृहीत धरलं गेलं. एका हक्काचे दोन तुकडे, दोन निकष, दोन अर्ज. घरी बाळंत झालेल्या बाईच्या हाती दोन्ही तुकडे पडतीलच याची हमी कोण देणार?

समन्वय नेमका अडतो कुठे? बैठका तर भरपूर होतात.

बैठका होतात हे खरं. अडचण त्यांच्या आधी आणि नंतर असते. आमच्या पाहण्यात चार जागा पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, याद्या. रेशनचा लाभार्थी उत्पन्नावरून ठरतो. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये अशी ठरवली गेली. अंगणवाडीची यादी सर्वेक्षणावरून, आरोग्य खात्याची नोंदणी गरोदरपणावरून, रोजगार हमीची जॉबकार्डावरून. गावातलं एखादं कुटुंब चारपैकी दोन यादींत असतं, दोन यादींत नसतं, आणि ते कोणालाच दिसत नाही. शिवाय रेशनला इष्टांकाची, म्हणजे राज्याला ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येची, मर्यादा आहे. राज्याचा इष्टांक ७ कोटी १६ हजार लोकांचा, तो २०११ च्या जनगणनेवर ठरला. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता २०२७ ची वाट आहे. मधल्या काळात लग्न होऊन आलेली सून आणि जन्मलेली मुलं यांची नावं कार्डावर चढली तरी धान्य चढेलच असं नाही.

दुसरी जागा म्हणजे जिल्ह्यातली दोन दारं. पुरवठा, महसूल आणि रोजगार हमीचा मोठा भाग जिल्हाधिकाऱ्यांकडे. ग्रामीण अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. आदिवासी जिल्ह्यात तिसरं दार आदिवासी विकासाच्या प्रकल्प अधिकाऱ्याचं, आणि जिल्हा रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन वेगळेच. ही सगळी माणसं एकमेकांना चांगली ओळखतात, पण त्यांचे गोपनीय अहवाल वेगवेगळे वरिष्ठ लिहितात. माणूस ज्या कामावरून मोजला जातो तेच काम आधी करतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही.

तिसरी, लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात पैसा ज्या नावाखाली ठेवलेला असतो ते शीर्ष. आदिवासी विकासाच्या लेखाशीर्षातला पैसा महिला व बालविकासमार्फत खर्च व्हायचा असेल तर तो वितरित होणं, उपयोगिता प्रमाणपत्र येणं, पुढचा हप्ता सुटणं हे सगळं दोन विभागांतून जातं. मार्चअखेर निधी येतो आणि एप्रिल-मेमध्ये हात रिकामे असतात.

चौथी म्हणजे वेळ. खातं आर्थिक वर्षाने चालतं, भूक हंगामाने. आदिवासी पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर हे महिने सर्वांत कठीण: घरातलं धान्य संपलेलं, नवीन पीक हाती नाही, नाले भरलेले, मलेरिया आणि जुलाब सुरू. नेमक्या त्याच काळात सगळी खाती एकाच वेळी, एकाच गावात पोहोचली पाहिजेत.

नवसंजीवन योजना काय आहे? तिचं नाव समन्वयाच्या संदर्भात का घेतात?

१९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात बालमृत्यू झाले आणि महाराष्ट्र हादरला. त्याच सुमारास मेळघाटातून, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून, तशाच बातम्या येऊ लागल्या. ज्या धारणीत एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये देशातल्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक म्हणून सुरू झाली, तिथेच मुलं मरत होती. योजना नव्हती असं नाही. योजना एकमेकींना भेटत नव्हत्या.

१९९५ मध्ये आलेल्या नवसंजीवन योजनेने नवीन वस्तू वाटली नाही. आधीच चालू असलेली कामं, म्हणजे रोजगार, आरोग्यसेवा, शुद्ध पाणी, पोषण आहार, धान्यपुरवठा, धान्य बँक, खावटी कर्ज (पावसाळ्यात पोटापाण्यासाठी दिलेलं), एका सूत्रात बांधून जिल्हाधिकाऱ्यांकडे नियंत्रण दिलं. जिल्ह्यात आढावा, राज्य पातळीवर गाभा समिती. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत जूनच्या आधीच पुढच्या काही महिन्यांचं धान्य पोहोचवायचं, हा त्यातला सगळ्यात व्यवहारी भाग. पुरवठा खात्याचा ट्रक, बांधकाम खात्याचा रस्ता आणि आरोग्य खात्याचा औषधसाठा यांना एकच तारीख पाळावी लागते, आणि ती तारीख मान्सून ठरवतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. मेळघाटाचा प्रश्न आजही मुंबई उच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात. त्यांचं लक्ष असलं की यंत्रणा पळते, नसलं की तोच आढावा कागद भरण्यापुरता उरतो. शिवाय जिल्हाधिकारी बालरोगतज्ज्ञांची रिकामी पदं भरू शकत नाहीत; ती किल्ली मंत्रालयात असते. समन्वय करणाऱ्याला जबाबदारी दिली, पण अधिकार अर्धेच दिले, हा त्यातला खरा दोष आहे असं आम्हांला वाटतं.

दोन खात्यांनी मिळून चालवलेली एखादी योजना आहे का?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. ती २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. पैसा आदिवासी विकास विभागाचा, अंमलबजावणी महिला व बालविकास विभागाची. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक चौरस गरम जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा पर्यायी पदार्थ. पुढच्या टप्प्यात बालकांना अंडी किंवा केळी सुरू झाली.

योजना चांगली आहे, कारण घरपोच दिलेलं पाकीट घरात सगळ्यांत वाटलं जातं, पण ताटात वाढलेलं जेवण त्या बाईच्याच पोटात जातं. गावपातळीवरची आहार समिती खरेदी करते, त्यामुळे भाजी आणि अंडी जवळपासची घेता येतात. बिघडते ती मधल्या साखळीत. निधी उशिरा आला की सेविका किराणा दुकानात उधारी करते. उधारी वाढली की आधी अंडं जातं, मग भाजी जाते, शेवटी डाळभात उरतो. दर ठरतो वर, महागाई वाढते खाली, आणि दर वाढवायचा प्रस्ताव दोन विभागांतून वित्त विभागापर्यंत जायला वेळ घेतो. अशा संयुक्त योजनेचं लेखाशीर्ष कोणाचंही असो, पहिल्या तिमाहीचा पैसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीच्या खात्यात असेल एवढी एक अट पाळली तरी निम्मी दुखणी जातील.

समन्वयामुळे खरंच फरक पडतो, याचा महाराष्ट्रात पुरावा आहे का?

दोन मोठी उदाहरणं आहेत.

जुनं १९७२ च्या दुष्काळाचं. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडीफोड. कामं काढली पाटबंधारे, कृषी, वन, बांधकाम खात्यांनी. मजुरांची नोंद आणि पगार महसूल यंत्रणेने पाहिले. रेशनवर मिलो, म्हणजे आयात केलेली लाल ज्वारी, आला. लहान मुलांना कामाच्या जागी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळाली. त्या पिढीला मिलोची चव आणि सुकडीचा वास अजून आठवतो. एवढ्या भीषण दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात तांत्रिक खात्यांनी कामं तयार ठेवायची, मागणी आली की पंधरा दिवसांत काम द्यायचं, आणि जिल्हाधिकारी त्याला जबाबदार, अशी वाटणी स्पष्ट होती. पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून आला. शहरानं खेड्याच्या भाकरीसाठी भरलेला तो कर आजही पगारपत्रकात दिसतो.

अलीकडचं उदाहरण म्हणजे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन. औरंगाबाद विभागातल्या प्रयोगांतून ते उभं राहिलं आणि मार्च २००५ मध्ये सुरू झालं, व्ही. रमणी पहिले महासंचालक. मिशनकडे वाटायला आहार नव्हता की नेमणुकीचे अधिकार नव्हते. छोटं कार्यालय, युनिसेफचं साहाय्य, आणि आरोग्य व बालविकास या दोन खात्यांना एका टेबलावर बसवण्याचं काम. गावोगावच्या वजनाच्या नोंदी नीट करा, कुपोषित मुलांची खरी संख्या लपवू नका, असा आग्रह. दुसऱ्या टप्प्यात भर गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी तीनात एकाहून अधिक मूल खुजं, म्हणजे वयाच्या मानाने उंचीला कमी, होतं. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण चारात एकाच्या आसपास आलं. याचं सगळं श्रेय मिशनला देता येणार नाही. उत्पन्न, मुलींचं शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणं हेही त्या काळात वाढलं.

पण पुढचं चित्र अस्वस्थ करणारं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने कृश मुलं १६.५ टक्क्यांवरून २५.६ वर गेली आणि तिथेच थांबली. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. कुपोषणातली घसरण थांबली आहे, आणि एकट्या कोणत्या खात्याने ती पुन्हा सुरू होणार नाही.

मग सगळं एकाच मोठ्या अन्न व पोषण खात्यात का आणत नाहीत?

डॉक्टर, शिक्षक, गोदामपाल आणि कृषी सहायक एका खात्यात आणले तरी त्यांची कामं वेगळीच राहतील. भिंती खात्यांच्या ऐवजी संचालनालयांच्या होतील आणि विलीनीकरणात दोन-तीन वर्षं जातील. कामाची वाटणी राहू द्यावी. बदलायचं ते मोजमाप. सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांखालच्या मुलांच्या वाढीचा एकच आकडा लागू करा.

शेतकऱ्याचं हित आणि ग्राहकाचं ताट यांचा मेळ कोण घालतं?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला पाठ आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं. ते शुल्क १ एप्रिल २०२५ पासून हटलं. या प्रत्येक पायरीमागे वेगळं मंत्रालय आहे: बंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाची, शुल्क अर्थ मंत्रालयाचं, राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाची नाफेडसारख्या संस्थांमार्फत. पिकाचा अंदाज कृषी मंत्रालयाचा. समन्वय नव्हता असं म्हणता येणार नाही. सगळे एकाच दिशेने चालले होते, ती दिशा शहरातला भाव खाली ठेवण्याची होती. टेबलावर लासलगावच्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा आवाज सर्वांत हलका होता.

म्हणून समन्वय असला की न्याय होतोच असं मानू नये. कोण टेबलावर आहे आणि कोणाचा शब्द वजनदार आहे, हे विचारावं लागतं. कांदा उत्पादकसुद्धा रेशनकार्डधारक असतो. त्याचं उत्पन्न कोसळलं की त्याच्या घरातली अन्नसुरक्षा कोसळते. निर्यातीचा निर्णय घेण्याआधी उत्पादकाच्या नुकसानभरपाईचा निर्णय त्याच टिपणीत झाला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी पैसे का मिळतात?

मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना सवलतीत धान्य मिळायचं. त्यासाठीचा गहू-तांदूळ केंद्राकडून मिळेना, तेव्हा २०२३ मध्ये राज्याने माणशी महिन्याला दीडशे रुपये थेट खात्यात द्यायचा निर्णय घेतला. धान्याच्या महागाईचा भार त्यामुळे शासनाकडून कुटुंबावर आला. अन्न देणारं खातं आणि पैसे देणारं खातं वेगळं झालं की ही गोष्ट सहज निसटते.

ऊसतोड मजुरांचं रेशन त्यांच्याबरोबर जातं का?

कागदावर हो. एक देश एक रेशनकार्ड योजनेच्या सुरुवातीला, ऑगस्ट २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी पहिल्यांपैकी होती. बीडचं कुटुंब कोल्हापुरात किंवा कर्नाटकात कार्डावर धान्य उचलू शकतं.

पण रेशन सोबत गेलं तरी अंगणवाडी जाते का? दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या पाच-सहा महिन्यांत गरोदर बाईची तपासणी, मुलाचं वजन, लसीकरण, मोठ्या बहिणीची शाळा हे चारही धागे एकदम तुटतात. फडाजवळच्या कोपीत राहणारं मूल कोणत्या गावच्या यादीत मोजायचं? मूळ गावची सेविका 'स्थलांतरित' लिहिते, कारखान्याच्या गावची सेविका 'आमच्या गावचं नाही' म्हणते. धान्याला हक्क चिकटवला तसा आहाराला आणि तपासणीलाही चिकटवायला हवा. साखर आयुक्तालय, कामगार विभाग, महिला व बालविकास आणि आरोग्य यांची गाळप हंगामाआधी एकत्र यादी होणं ही यातली पहिली पायरी.

रेशनवर ज्वारी, नाचणी का मिळत नाही?

कायद्यात भरडधान्य आहे आणि काही जिल्ह्यांत ज्वारी मिळतेही. नियमित मिळायची तर कृषी खात्याने पेरा वाढवायचा, पणन यंत्रणेने हमीभावाने वेळेत खरेदी करायची, आणि पुरवठा खात्याने ती टिकण्याच्या मुदतीत वाटायची. ज्वारी गव्हासारखी वर्षानुवर्षं गोदामात ठेवता येत नाही. तिन्ही खात्यांचं वेळापत्रक एका हंगामात बसलं तरच भाकरी ताटात येते.

दुसऱ्या देशात हे कोणी नीट केलं आहे?

ब्राझीलचं नाव घ्यावंच लागतं. तिथे २००६ च्या कायद्याने मंत्र्यांची आंतरमंत्रालयीन समिती आणि राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारी, नागरी समाजाचं बहुमत असलेली परिषद अशी रचना केली. २००९ मध्ये शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखला. शिक्षण खात्याच्या पैशातून शेतीला बाजार मिळाला. २०१४ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या भूक नकाशातून बाहेर पडला. २०१९ मध्ये ती परिषद बरखास्त झाली, देश पुन्हा नकाशावर आला, २०२३ मध्ये परिषद परत आली आणि २०२५ मध्ये तो पुन्हा बाहेर पडला. मधल्या घसरणीत महामारी आणि मंदीचाही वाटा होता.

आता सगळं ॲपवर आहे. मग समन्वय आपोआप होणार नाही का?

अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरवर, रेशनची ई-पॉसवर, गरोदर मातेची आरोग्याच्या पोर्टलवर. सेविका आणि आशा एकाच बाईची माहिती दोनदा भरतात. यंत्रणा एकमेकींशी बोलल्या तर उपयोग मोठा आहे: अतितीव्र कुपोषित मुलाच्या घराला अंत्योदय कार्ड नाही, हे तहसीलदाराच्या पडद्यावर त्याच दिवशी दिसेल. पण पडद्यावर दिसल्यावर कार्ड मंजूर करायचा अधिकार आणि शिल्लक इष्टांकही हवा. आणि एक सावधगिरी: अंगठा जुळला नाही म्हणून एका खात्यात नाव कापलं गेलं, तर जोडलेल्या सगळ्या खात्यांत ते कापलं जाऊ नये. नाव चढवताना याद्या जोडाव्यात, कापताना माणसाने घरी जाऊन पाहावं.

आमच्या गावात आम्ही नेमकं काय करू शकतो?

बरंच काही, आणि त्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

गावात आधीच दोन समित्या आहेत: रेशन दुकानासाठी दक्षता समिती आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. शक्य तर दोन्हींची बैठक एकाच दिवशी, ग्राम आरोग्य व पोषण दिनाला जोडून घ्या. सेविका, आशा, रेशन दुकानदार, मुख्याध्यापक आणि ग्रामरोजगार सेवक एकत्र बसवा. समोर एकच यादी ठेवा: दोन वर्षांखालची सगळी मुलं आणि सगळ्या गरोदर बाया. प्रत्येक नावापुढे विचारा: कार्ड आहे का, कार्डावर नाव आहे का, गेल्या महिन्यात धान्य उचललं का, वजन झालं का, दंडघेर मोजला का, घरात कोणाची मजुरी थकली आहे का. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असलेलं सहा महिन्यांपुढचं मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे. छोट्या गावात ही यादी एका दुपारी होते. मुलांची नावं सभेत मोठ्याने वाचू नका, आयांना ते लागतं.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार असलेल्या आदिवासी भागातल्या, गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा) निधी थेट मिळतो. निधी अडकलेल्या महिन्यात अंगणवाडीची अंडी आणि भाजी थांबू नये म्हणून ग्रामसभा त्यातून तरतूद करू शकते का, हा विषय ग्रामसेवकाला सांगून अजेंड्यावर घ्या.

रेशनची तक्रार १९६७ या क्रमांकावर करता येते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यानंतर राज्य अन्न आयोग. अंगणवाडीचा आहार आणि शाळेचं जेवण हेसुद्धा याच अधिकाऱ्याच्या आणि आयोगाच्या कक्षेत येतं, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि एका अर्जात तिन्ही खात्यांचा उल्लेख असेल तर प्रत्येकाची प्रत त्या त्या कार्यालयात स्वतंत्र द्या. नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर 'पुढील कार्यवाहीस्तव' फिरत राहतो.